दुपारचा हात आणि पहाटेचा हात

पत्र असं आहे:

«नमस्कार ताई. मी अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहितेय. वय ४४. तीन वर्षांपूर्वी दोन्ही हातांची बोटं सुजायला लागली. रक्त तपासलं, एक्स-रे काढले आणि डॉक्टरांनी ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे सांधे सुजवणारा संधिवात, सांगितला. आठवड्यातून एकदा त्यावरची मेथोट्रेक्सेटची गोळी घेते, दुसऱ्या दिवशी फॉलिक ॲसिड. पहिल्यापेक्षा बरं आहे, पण सकाळचे दोन तास हात माझे नसतात. गॅसचा खटका फिरत नाही, दुधाची पिशवी दातांनी फोडते. दर तीन महिन्यांनी तपासणीला जाते. सकाळची एसटी, मग नंबर लावायचा, आत जाईपर्यंत एक-दीड वाजतो. तोवर बोटं मोकळी झालेली असतात. डॉक्टर मूठ करायला सांगतात, मूठ होते. ‘छान आहे, हेच चालू ठेवा.’ घरीही तेच. सासूबाई म्हणतात, ‘सकायले हात चालत नही, दुपारले कसा चालतस?’ मुलगा पुण्याला नोकरीला आहे. त्याने मनगटावरचं स्मार्ट घड्याळ आणून दिलं. आता बोटांची हालचाल मोजणारा, सेन्सरचा हातमोजा मिळतो म्हणतो. चौदा हजारांचा आहे. घ्यावा का? घड्याळाचे आकडे त्याला तिकडे दिसतात, मग रोज फोन येतो, ‘आई, काल कमी चाललीस.’ आणखी एक. मी मांडे करते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पंधरा-वीस घरांच्या ऑर्डरी असतात. यंदा घेऊ की नको?»

ताई,

पहिलं उत्तर तुमच्या सासूबाईंना देते, कारण त्यांचा प्रश्न अगदी नेमका आहे. सकाळी न मिटणारा हात दुपारी मिटतो, हीच या आजाराची खूण. डॉक्टर लोक निदान करताना हाच प्रश्न मुद्दाम विचारतात: सकाळी सांधे किती वेळ आखडलेले असतात? १९८७ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी या आजाराचे निकष ठरवले, त्यात ‘सकाळी निदान एक तास आखडणं’ हा निकष होता. २०१० च्या नव्या निकषांत तो ठेवला नाही, पण प्रश्न अजून विचारला जातो, आणि विचारायलाच हवा.

सासूबाईंचं वय तुम्ही लिहिलेलं नाही. त्यांचे गुडघे दुखत असतील असा माझा अंदाज आहे. आपल्याकडे साठीच्या पुढच्या, आयुष्यभर शेतात राबलेल्या बहुतेक बायांचे दुखतात. ती सांध्याची झीज असते. झिजलेला गुडघा उठल्यावर दहा-पंधरा मिनिटं धरतो, मग सुटतो. पुढे दिवसभर जितकं चालाल तितका दुखतो, आणि बसलं की शांत होतो. त्यांना सांधेदुखी म्हणजे ही एवढीच माहीत आहे. तुमचं दुखणं उलट्या चालीचं आहे. ते विश्रांतीत वाढतं आणि हालचालीने मोकळं होतं. स्वतःच्या गुडघ्याच्या मापाने त्या तुमचा हात मोजतात, म्हणून हिशेब जुळत नाही आणि मग ‘सोंग’ हा शब्द मनात येतो. त्यांना समजावत बसू नका. एक दिवस पहाटे साडेपाचला, चूल किंवा गॅस पेटवायच्या आधी, तुमचा हात त्यांच्या हातात द्या. तळव्यामागचे बोटांच्या बुडाचे सांधे त्यांना चाचपू द्या. ते गरम लागतील, गुबगुबीत लागतील, दोन गाठींच्या मधली खळगी भरलेली असेल. दुपारी पुन्हा तोच हात द्या. ज्या बाईने आयुष्यभर कणीक हाताने जोखली, तिला फरक बोटांनीच कळेल.

हे पहाटेच का होतं, तेही त्यांना सांगता येईल. आपल्या शरीराला स्वतःचं घड्याळ आहे. सूज वाढवणारी काही द्रव्यं रक्तात रात्रीच्या उत्तरार्धात चढतात, इंटरल्युकिन-६ हे त्यातलं एक. सूज दाबणारं कॉर्टिसॉल हे शरीराचं स्वतःचं संप्रेरक रात्री खालावलेलं असतं आणि उठायच्या सुमारास वर येतं. पहाटेचा तो काळ म्हणजे आग पेटलेली आणि पाणी अजून पोहोचलेलं नाही. त्यात रात्रभर बोटं हललेली नसतात, त्यामुळे सांध्याच्या सुजलेल्या अस्तरात पाणी साचून राहतं. हात हलू लागला की ते थोडं थोडं पांगतं.

आता हातमोजा.

मी हाताचे उपचार करते, ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, आणि कबूल करते की उमेदवारीच्या काळात मीही दुपारच्याच हातावर विश्वास ठेवत होते. समोर जो हात आहे तो खरा, असं मला वाटे. कापूस वेचायला जाणारी एक बाई मला भेटली. माझ्यासमोर ती टेबलावरचं नाणं सहज उचलायची. नाणं उचललं, शर्टाची बटणं लावली, वहीत ‘चिमूट उत्तम’ असं मी लिहिलं. जाताना ती म्हणाली, ‘ताई, बोंडातून कापूस ओढायचा असतो पहाटेच्या गारव्यात. तुमच्या टेबलावर बोंड कुठे आहे?’ ते वाक्य मी विसरलेले नाही. तपासणीच्या खोलीत आम्ही तुमच्या दिवसाची पाच मिनिटं बघतो, तीही सगळ्यात चांगली पाच मिनिटं.

सेन्सर लावून हात मोजायची कल्पना याच अडचणीतून आली. आजवर आमच्याकडे साधनं कोणती होती? बोटाचा बाक मोजायचा लहान कोनमापक, ज्याने एकाच बोटाला दोघांनी मोजलं तर पाच अंशांचा फरक सहज पडतो. पकडीचा जोर मोजायचं यंत्र. आणि प्रश्नांची यादी: नळ फिरवता येतो का, बरणीचं झाकण उघडतं का, केस विंचरता येतात का. डॉक्टर जो आजाराचा गुणांक काढतात त्यात २८ सांधे दाबून बघतात, आणि त्या २८ पैकी २२ सांधे मनगटांचे आणि बोटांचे असतात. म्हणजे तुमच्या आजाराचं माप बहुतांशी हातातूनच निघतं, पण ते त्या दिवशीच्या, त्या घटकेच्या हातातून. दुपारी दीडच्या.

असा सेन्सरचा हातमोजा मी एका कार्यशाळेत घालून पाहिला आहे. पातळ ताणाच्या कापडाचा मोजा. प्रत्येक बोटाच्या प्रत्येक हाडावर, मागच्या बाजूने, तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी चकती शिवलेली, आणि सगळ्यांच्या बारीक तारा मनगटाशी एका डबीत जमा होतात. आधी हात टेबलावर सपाट ठेवून पाच सेकंद थांबायचं. ते त्याचं शून्य. मग मूठ मिटा, उघडा, मिटा, उघडा. समोरच्या पडद्यावर प्रत्येक बोटाची एकेक रेघ डोंगरासारखी चढते आणि उतरते. माझ्या तर्जनीचा डोंगर उंच आणि उभा होता, करंगळीचा बुटका. शेजारी बसलेल्या आणि हा आजार असलेल्या एका बाईंचे डोंगर पाहिले तेव्हा मी थबकले. उंची माझ्याएवढीच, पण चढण लांबलचक, आणि माथ्याजवळ रेघ थरथरलेली. मूठ दोघींचीही पूर्ण मिटली होती. त्यांना ती मिटायला किती सायास पडले हे नुसत्या डोळ्यांनी मला दिसलं नव्हतं. त्या रेघेत दिसलं.

ही चकती दोन गोष्टी ओळखते. हालचालीचा वेग किती बदलला आणि बोट कोणत्या कोनातून किती वेगाने वळलं. तुमच्या फोनला उभं-आडवं धरलेलं कळतं ना, तोच प्रकार. सांध्याच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक चकती असली की दोन्हींच्या कोनांतला फरक म्हणजे सांध्याचा बाक. दुसऱ्या जातीच्या मोज्यांत वाकणारी पट्टी असते. ती वाकली की तिच्यातून जाणाऱ्या विजेला होणारा अडथळा बदलतो आणि त्यावरून बाक काढतात. निरोगी हाताचा बोटाच्या बुडाचा सांधा साधारण ९० अंशांपर्यंत वाकतो, मधला १०० च्या आसपास. पण माझ्या मते या मोज्याचं खरं मोल अंशांत नाही, वेगात आहे. पहाटेची पहिली मूठ किती सेकंदांत, पाचवी किती, आणि दहा वाजताची किती. आखडणं म्हणजे नेमकं हेच, आणि आजवर ते आम्ही फक्त ऐकत आलो.

मग घ्या असं का सांगत नाही? आधी एक गोष्ट मुलाला विचारा: त्याने पाहिलेला मोजा बोटं मोजतो की बोटं हलवतो? ऑनलाइन जे हातमोजे या भावात सर्रास दिसतात, ज्यांना नळ्या असतात आणि हवा भरून बोटं आपोआप उघडमीट होतात, ते पक्षाघात झालेल्यांच्या व्यायामासाठी आहेत. त्या हातात जोर नसतो, म्हणून यंत्र जोर लावतं. तुमच्या सुजलेल्या सांध्याला यंत्राने ओढून वाकवणं म्हणजे इजा करून घेणं. तो मोजा चौदा हजारांचा असो की चौदाशेचा, हात घालू नका. तिसऱ्या प्रकारचे असतात ते नुसते घट्ट, बोटं उघडी ठेवणारे मोजे. त्यांची इंग्लंडमध्ये सैल मोज्यांशी तुलना केली, तेव्हा दोन्हींनी सारखाच आराम पडला. ऊब हवी असेल तर घरातले लोकरी मोजे पुरेत.

आणि खरा मोजणारा मोजा असला तरी तो अजून प्रयोगशाळेतून आणि अभ्यासांतून बाहेर पडतोय. अडचणी अगदी साध्या, घरगुती आहेत. पहाटे सुजलेल्या बोटांत घट्ट मोजा चढवणं हेच एक दुखणं आहे. सैल घेतला तर चकती सांध्यावरून सरकते आणि आकडा चुकतो. बोटं करंगळीच्या दिशेला कलायला लागली असतील तर साधा साचा बसत नाही. त्या चकत्या हळूहळू भरकटतात, जसं भिंतीवरचं जुनं घड्याळ रोज अर्धा मिनिट मागे पडतं, म्हणून पुन्हा पुन्हा शून्यावर आणाव्या लागतात. आपल्या भागात मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. त्या घामात तो मोजा घालून कोण बसणार, आणि तारा शिवलेला मोजा धुणार कसा? शिवाय, तुमचे डॉक्टर औषध ठरवतात ते सांधे दाबून, रक्तातला ईएसआर आणि सीआरपी, म्हणजे सूज दाखवणारे आकडे, बघून. मोज्यातून आलेल्या आलेखाचं काय करायचं याची पद्धत अजून त्यांच्या हातात आलेली नाही. चौदा हजारांत तुमच्या कितीतरी वर्षांच्या मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या येतील, ताई.

मोज्याने जे केलं असतं ते काम मात्र तुम्ही सोडू नका. पहाटेचा हात डॉक्टरांच्या टेबलापर्यंत पोहोचवायचा, एवढंच ते काम आहे. त्याला एक वही, एक पट्टी आणि तुमच्याकडे आहे तो मोबाइल पुरतो.

वहीत रोज दोनच वेळा लिहा: डोळे उघडले ती, आणि मूठ पहिल्यांदा पूर्ण मिटली ती. ५:४० आणि ७:३५, बस. ‘दोन तास आखडतं’ असं तोंडाने सांगितलं की ते डॉक्टरांच्या कानावरून जातं, कारण प्रत्येकजण दोन तासच सांगतो. तीन महिन्यांच्या ९० ओळी समोर ठेवल्या की कुणालाही थांबून बघावं लागतं. रात्री वेदनाशामक गोळी घेतली असेल तर त्या ओळीपुढे फुली करा, नाहीतर चांगली सकाळ कुणामुळे आली हे कळणार नाही. पाळी, ताप, आदल्या दिवशी निंदणीला गेलात किंवा रात्रीचा प्रवास झाला, हेही एका शब्दात.

आठवड्यातून एकदा, समजा बाजाराच्या दिवशी, उठल्याबरोबर मोबाइल ओट्यावर डब्याला टेकवून ठेवा. दरवेळी तीच जागा, तोच दिवा. हाताची करंगळीकडची बाजू कॅमेऱ्याकडे करा आणि जमेल तशी पाच वेळा मूठ मिटा-उघडा. जोर लावून नको, सहज जमेल तेवढीच. मग मूठ मिटलेली ठेवून मधल्या बोटाचं टोक आणि तळहातावरची वरची आडवी रेघ यांत किती अंतर उरतं ते शाळेच्या पट्टीने मोजून लिहा. पहाटे तीन सेंटिमीटर, दुपारी शून्य, हे आमच्या भाषेत फार बोलकं वाक्य आहे. दुपारी बारा वाजता तोच व्हिडिओ आणि तेच माप पुन्हा. दोन्ही मिळून दीड मिनिटाचं काम.

गावच्या उपकेंद्रातल्या सिस्टरकडे काट्याचं बीपी मशीन असेल तर आणखी एक करता येईल. त्याचा पट्टा गुंडाळून काटा २० वर येईपर्यंत हवा भरायची, पट्टा मुठीत धरून दाबायचा, आणि काटा कुठवर चढला ते लिहायचं. लोखंडी पकडयंत्र दुखऱ्या हाताला टोचतं, म्हणून या आजारात ही युक्ती जुनी आणि चांगली आहे. महिन्यातून एकदा, शक्यतो सकाळी त्या आल्या आल्या.

आत गेल्यावर आधी फाइल देऊ नका. मोबाइल द्या, पहाटेचा व्हिडिओ लावून. ‘डॉक्टर, हा माझा पावणेसहाचा हात’ एवढंच म्हणा. माझा अनुभव आहे की व्हिडिओ पाहून चांगला डॉक्टर खुर्ची पुढे ओढतो. मग तो विचारेल, दाबेल, कदाचित सांध्याची सोनोग्राफी करेल. तिच्यात आतल्या अस्तराला सूज आहे का, तिथे रक्त धावतंय का ते दिसतं. डोस वाढवायचा, दुसरं औषध जोडायचं की आहे तेच ठेवायचं, हे त्यांनी ठरवायचं. तुम्ही किंवा मुलाने आकडे बघून मेथोट्रेक्सेटला हात लावायचा नाही. ती गोळी आठवड्यातून एकदाचीच आहे. हात जास्त आखडला म्हणून कुणी रोज घेतली तर जीवावर बेतू शकतं. कॅलेंडरवर तो वार लाल शाईने घेरून ठेवा, घरातल्या सगळ्यांना दिसेल असा.

कोणताही सेन्सर सांगत नाही अशी एक गोष्ट इथेच लिहिते, कारण ती माझ्या कामाची आहे. बोट हललं नाही एवढं तो सांगेल. का हललं नाही ते सांगणार नाही. सुजेने अडलं, दुखतं म्हणून तुम्हीच अडवलं, बोट ओढणारी स्नायूची दोरी अडकली की नस दबली, हे हात हातात घेऊनच कळतं. म्हणून तीन गोष्टींसाठी तारखेची वाट बघू नका. एखाद्या सकाळी करंगळी किंवा अनामिका खाली लटकली आणि दुखत नसतानाही सरळ उचलता येईना, तर मनगटाशी दोरी तुटलेली असू शकते. तेव्हा त्याच आठवड्यात दाखवायचं. रात्री अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होऊन जाग येत असेल, हात झटकावा लागत असेल, तर मनगटात नस दबते आहे. आणि मेथोट्रेक्सेट चालू असताना तोंडात फोड, ताप, कोरडा खोकला किंवा धाप लागली तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन.

आता घड्याळ. ते काढून टाकू नका. फक्त त्याला जे कळतं तेवढंच त्याच्याकडून घ्या. मनगटावरच्या घड्याळाला बोटं दिसत नाहीत. तुम्ही बसून लसूण सोललात तरी त्याच्या लेखी तुम्ही नुसत्या बसून होतात. उलट एसटीच्या हादऱ्यांची ते पावलं धरू शकतं. पण पावलं आणि झोप या दोन गोष्टी ते बऱ्यापैकी मोजतं. आणि त्यांना अर्थ आहे. फ्रान्समध्ये झालेल्या आणि २०१९ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात १५५ रुग्णांना, त्यात तुमच्या आजाराचे आणि मणक्याच्या संधिवाताचे, तीन महिने असे पट्टे बांधले होते. दुखणं उसळलं त्या आठवड्यांत त्यांचं चालणं कमी झालेलं होतं, इतकं की संगणकाला नुसत्या पावलांवरून तो आठवडा ओळखता आला. तेव्हा एका दिवसाचा आकडा सोडून द्या, आठवडा आठवड्याशी ताडून बघा, आणि तोही स्वतःच्याच. मनगट सुजलेलं असेल तेव्हा पट्टा दुसऱ्या हाताला बांधा. पट्ट्याचा वळ उमटत असेल तर काढाच.

मुलाच्या फोनबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, पण मला ती पत्रातली सगळ्यात दुखरी ओळ वाटली. लेकरू लांब आहे, काही करता येत नाही, म्हणून आकडे बघतं. त्याची माया खरी आहे. पण ‘काल कमी चाललीस’ ऐकल्यावर तुम्ही दुसऱ्या दिवशी त्याच्यासाठी चालता, दुखत असलं तरी, आणि मग त्या आकड्यालाही काही अर्थ राहत नाही. त्याला सांगा की रोज आईची विचारपूस कर, आकडे रविवारी बघू, दोघं मिळून. आणि त्याला एक काम द्या. पहाटेचे व्हिडिओ तारखेनुसार एका जागी लावून ठेवायचे, तपासणीच्या आधी वहीच्या ओळींचा आलेख काढून कागदावर छापून आणायचा. चौदा हजारांतले काही त्याने तुम्हाला आणखी एका गोष्टीसाठी द्यावेत: जवळच्या मोठ्या दवाखान्यातल्या हाताच्या थेरपिस्टकडे पाच-सहा फेऱ्या. इंग्लंडमध्ये ४९० रुग्णांवर झालेला एक मोठा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. नेहमीच्या औषधांच्या जोडीला ज्यांना हाताचे ताणाचे आणि जोराचे व्यायाम नीट शिकवले, त्यांचे हात वर्षभरानंतरही दुसऱ्यांपेक्षा चांगलं काम करत होते. मोज्यापेक्षा तो पैसा इथे घाला.

तोवर सकाळी एवढं करा. उठल्यावर अंथरुणातच बोटं हळूहळू हलवा, मग कोमट पाण्याच्या तसराळ्यात दहा मिनिटं हात बुडवून पाण्यातच मूठ मिटा-उघडा. पाणी कोपराने तपासा, सुजलेल्या बोटांचा अंदाज चुकतो. दुधाची पिशवी दातांनी फोडू नका, ओट्याला कात्री बांधून ठेवा. कळशी कमरेवर घेताना बोटांच्या आकड्याने उचलू नका, तळवा आणि मनगट खाली द्या. फडकं पिळायचं तर नळाला अडकवून दोन्ही तळव्यांनी पिळा. गॅसच्या खटक्याला लाकडाचा लांब कान बसवून घ्या, गावातला सुतार दहा मिनिटांत करेल.

आणि मांडे. ऑर्डरी घ्या, ताई. सगळ्या नाही, निम्म्या. मी खानदेशातलीच आहे. खापरावर मांडा पडतो तो क्षण मी आईच्या ओट्याशी बसून पाहिलेला आहे. त्यात हाताचं काम कुठे किती आहे ते तुमच्यासाठी मोजून बघितलं. सगळ्यात घातकी काम आहे कणीक तिंबायचं. पाणी लावून लावून, मुठी रोवून, कणीक रबरासारखी लांबेपर्यंत. त्यात सगळा भार बोटांच्या बुडाच्या सांध्यांवर येतो, नेमका जिथे तुमचा आजार बसलाय. दुसरं पुरणयंत्राची मूठ फिरवणं. ही दोन्ही कामं तुमची नाहीत. यजमानांना द्या, पुतण्याला द्या, रोजाने बाई लावा आणि तो रोज ऑर्डरीच्या भावात धरा. उंडा हातांवर घेऊन फिरवणं, मनगटांवरून कोपरापर्यंत नेणं आणि खापरावर अलगद सोडणं, हे काम उघड्या तळव्याचं आणि खांद्याचं आहे. तिथे चिमूट लागत नाही, मूठ लागत नाही. ते तुम्ही करा. कसब तिथेच आहे आणि गिऱ्हाईक त्यासाठीच येतं.

फक्त खापर अकराच्या आत चुलीवर चढवू नका. वहीतली दुसरी वेळ बघा, त्यात दोन तास मिळवा, आणि ती वेळ अकराच्याही पुढे जात असेल तर तीच तुमची सुरुवात. दर पाच मांड्यांनंतर हात खाली सोडून दोन मिनिटं थांबा. ज्या दिवशी सांधे गरम आणि लाल असतील त्या दिवशी बाहेरच्या ऑर्डरी शेजारणीकडे वळवा. हे तिला आधीच बोलून ठेवा, म्हणजे ऐनवेळी शब्द जाणार नाही. सासूबाईंना खापराशी बसवा. मांडा कधी उलटायचा हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार, आणि अकरा वाजेपर्यंत तुम्ही का थांबलात हे त्यांना शेजारी बसूनच दिसेल.

तपासणी झाली की मला लिहा. डॉक्टरांनी व्हिडिओ बघून काय केलं तेही, आणि त्या महिन्यातल्या वहीच्या एका पानाचा फोटो पाठवा.